मधल्या पायरीचा रंग

तळ, ६ एप्रिल

प्रिय टिल्लू,

पन्नाशी उलटलेल्या बाईला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. ती इथे नाही, तोवर म्हणून घेतो. इथे फोन लागत नाही. पाण्याचा टँकर आठवड्याला येतो, तोच टपाल आणतो आणि घेऊन जातो. तेव्हा उत्तर उशिरा आलं तर टँकरवाल्याला शिव्या दे, मला नको.

कधीकाळी इथे समुद्रासारखं तळं होतं. आटत गेलं, पण एका दमात नाही, थांबत थांबत. जिथे थांबलं तिथे काठ कोरून गेलं. म्हणून डोंगराच्या उतारावर आता तीन रुंद पायऱ्या दिसतात. एका पायरीच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं तर जीपला अख्खी सकाळ लागते. पाण्याचा टिपूस नाही. बुटकी झुडपं, तुटक गवत, मेंढ्या आणि वारा.

काम नेहमीचंच. खड्डा खणायचा, आत उतरायचं, भिंत सुरीने साफ करायची आणि वरून खाली एकेक थर लिहीत जायचं. माती बोटांना कशी लागते, ॲसिडचा थेंब पडला की फसफसते का, मुळं कुठवर पोचलीत. आणि रंग. रंगासाठी आमच्याकडे एक पुस्तक असतं, पानापानावर रंगीत चौकटी चिकटवलेल्या. ढेकूळ शेजारी धरायचं आणि जी चौकट जुळेल तिचा नंबर लिहायचा.

मधल्या पायरीवरून सध्या माझी आणि ताईसाहेबांची जुंपली आहे. ताईसाहेब म्हणजे माझी नवी सहकारी. तळावर वयाने सगळ्यांत लहान, पण रुबाब असा की म्हाताऱ्या ड्रायव्हरनेच तिला हे नाव पाडलं. मी म्हणतो वरचा थर गडद आहे, ती म्हणते फिकट. गडद ठरला तर ती गवताची कसदार जमीन, नांगरून चारा पेरता येईल. फिकट ठरला तर कोरड्या प्रदेशातली पातळ जमीन, हातभर खाली चुन्याचा थर. ती मेंढ्यांनाच सोडलेली बरी. चुना दोन्ही प्रकारांत सापडतो, तेव्हा निकाल रंगावर. प्रयोगशाळेचं उत्तर यायला हिवाळा उजाडेल.

सोबत त्या थराच्या दोन पुड्या पाठवतो आहे. तू सूतगिरणीच्या शेडरूमची प्रमुख. तुझा दिवस रंग जुळवण्यात जातो. सहज गंमत म्हणून बघ आणि काय दिसतं ते कळव. वहिनीला यातलं काही बोलू नकोस. उगाच चौकशा करत बसेल.

तुझा,
दादा

१७ एप्रिल

प्रिय दादा,

पुड्या पोचल्या. एक वाटेत फुटली आणि तुझी कसदार जमीन माझ्या विजेच्या बिलावर पसरली. दुसरी शाबूत आहे.

तुझा डाव मी ओळखला बरं का! "वहिनीला बोलू नकोस" वाचलं आणि ट्यूब पेटली. तुला तिच्यासाठी शाल करून हवी आहे, तिथल्या मातीच्या रंगाची. सरळ लिहायला लाज वाटली म्हणून ताईसाहेब, चुना आणि भांडण असं सगळं रामायण रचलंस. एवढ्या वर्षांत बायकोसाठी तुला पहिल्यांदा काही सुचलं, तेव्हा हसत नाही. हसले, पण थोडंच.

रंग फार छान आहे रे. फिकट, करडट, बिस्किटावर राख भुरभुरावी तसा. नवशिक्यांच्या हाती दिला नाही, मीच बसून लोकरीची एक लडी रंगवली. आमच्या पेटीत तीन दिवे असतात: दिवसाच्या उजेडाचा, दुकानातल्या ट्यूबचा आणि घरच्या पिवळ्या बल्बचा. तिन्हींखाली लडी मातीशेजारी धरली. माती कुठे संपते आणि लोकर कुठे सुरू होते ते कळत नाही. स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटली, पण हात पोचत नाही, खांदा धरलाय.

लडी पाठवते आहे. पसंत पडली तर शालीपुरती रंगवते. इकडे यांचा भसाडा आवाज काढत बाजाची पेटी शिकायचा उपक्रम चालू आहे. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, पण भेटले की ओळख दाखवत नाहीत.

तुझी,
टिल्लू (हे वहिनीसमोर म्हटलंस तरी चालेल)

तळ, २९ एप्रिल

प्रिय टिल्लू,

लडी मिळाली. लोकर उत्तम आहे, पण रंग साफ फसला. माझ्या मातीचा आणि तिचा काही संबंध नाही. माती तपकिरी, पिवळसर, चांगली गडद. तुझी लडी म्हणजे धुऊन धुऊन विटलेलं फडकं. ताबडतोब तुला तसं लिहायला बसलो होतो, तेवढ्यात ड्रायव्हर चहा घेऊन आला. हा माणूस आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही, आम्ही त्याला मौनीबुवा म्हणतो. टेबल बाहेर उन्हातच होतं. त्याने लडी पाहिली, माती पाहिली आणि म्हणाला, "एकच आहे की."

मी म्हटलं, "नीट बघा."

"बघितलं," म्हणाला आणि गेला.

मग ताईसाहेबांना बोलावलं. तिने लडी एकदाच पाहिली आणि नंतर माझ्याचकडे बघत राहिली. मला ते आवडलं नाही.

शालीचं डोक्यात नव्हतं, टिल्लू. तुझ्यापासून काय लपवायचं? गेले काही महिने पुस्तकातल्या शेजारशेजारच्या दोन चौकटी मला एकसारख्या दिसतात. एक निवडतो ती सवयीने. खड्ड्यात उतरताना परवा पायरीचा अंदाज चुकला. कंदिलाभोवती मला कडं दिसतं. आणि गेल्या आठवड्यात ताईसाहेबांना मी दोनदा "टिल्लू" अशी हाक मारली. ती हसली. मी हसलो नाही.

बाबांचं कुठून सुरू झालं होतं, आठवतं? तो राखाडी स्वेटर. ते म्हणायचे तपकिरी आहे, आणि आपण पोटं धरधरून हसायचो. पुढच्या वर्षी ते घराचा रस्ता चुकले. मी आता त्यांच्याच वयाला येऊन पोचलो आहे.

मधल्या पायरीचा कागद मी "गडद" लिहून, सही करून वर पाठवून दिला आहे. ताईसाहेबांनी विरोध केला. मी म्हटलं, तुमच्या वयाइतके खड्डे मी एका मोसमात खणलेत. असं मी पूर्वी कुणाला बोलल्याचं आठवत नाही. की बोललो असेन आणि आठवत नसेल?

वहिनीला कळू देऊ नकोस.

दादा

८ मे

दादा,

हे वाचताना आत बसला असशील तर ऊठ आणि उन्हात जा. लडी घे, माती घे. उजवा डोळा हाताने झाक आणि बघ. मग डावा झाक आणि बघ. घाई करू नकोस, पण आजच कर.

मेंदू एक आहे आणि डोळे दोन. बिघाड मेंदूत असेल तर दोन्ही डोळ्यांना सारखीच चूक दिसेल. दोन डोळ्यांना दोन रंग दिसले, तर दोष डोळ्याच्या भिंगात आहे आणि त्यावर इलाज आहे.

आमच्या गिरणीत एक रंगमास्तर होते. त्यांनीच मला हे काम शिकवलं. शेवटी शेवटी त्यांची निळी लोकर जांभळट निघायला लागली. सगळे कुजबुजायचे, मास्तर कामातून गेले. मोतीबिंदू होता. भिंग पिवळं पडलं होतं. तू म्हणशील, चौकटही त्याच डोळ्याने बघतो आणि मातीही त्याच डोळ्याने, मग चूक होईलच कशी? होते. दिवसाच्या उजेडात जुळलेल्या दोन गोष्टी पिवळ्या बल्बखाली फारकत घेतात, हे माझं रोजचं दुखणं आहे. भिंग पिवळं पडलेला माणूस चोवीस तास त्या बल्बखालीच बसलेला असतो. कंदिलाचं कडं, चुकलेली पायरी, सगळं त्यातच येतं.

राहिली हाक. अरे, ती पोर तुझ्याशी भांडते, तुझं ऐकत नाही आणि बहुतेक तिचंच बरोबर असतं. तिला टिल्लू म्हणायला विसराळू असावं लागत नाही.

खरं सांगते, तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नळ चालू ठेवून मोरीपाशी तशीच उभी राहिले. यांनी येऊन नळ बंद केला. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना कंदिलापाशी थांबले.

वहिनीला काही सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उत्तर पाठव.

टिल्लू

तळ, २ जून

प्रिय टिल्लू,

मधले दोन टँकर माझं पत्र न घेताच गेले. तू काय काय कल्पना केल्या असशील ते कळतंय. रागाव, पण पुढे वाच.

तुझं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. डोळा झाकायचा म्हणजे एक हात वर करायचा, पण तो धजेना. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसलं असतं तर? शेवटी एका दुपारी मधल्या पायरीवरच्या खड्ड्याच्या काठावर बसलो. आधी डावा डोळा झाकला. माती तपकिरी, लडी तशीच विटकी, परकी. मग उजवा झाकला.

टिल्लू, लडी मातीत नाहीशी झाली. तू म्हणाली होतीस तशीच. डाव्या डोळ्याला हद्द सापडेना. मी हात या डोळ्यावरून त्या डोळ्यावर इतक्या वेळा नेला की मौनीबुवा जीपमधून उतरून आला. त्याला वाटलं मला भोवळ आली.

दुसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबर शहर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. उजवा चांगलाच पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, "रंग ओळखत होतो." मी त्यांना बाबांचंही सांगितलं. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, गोष्टी सांगितल्या, परत म्हणायला लावल्या, चित्रं काढायला लावली. शेवटी म्हणाले, "तुमचं डोकं ठणठणीत आहे. विसरत असाल तर तो आळस समजा." परत येताना जीपमध्ये मला हसू फुटलं आणि थांबेना. मौनीबुवाही हसला. त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

पण तळावर पोचलो तेव्हा टेबलावर मुख्य कचेरीतल्या साहेबांचं पत्र होतं. मधली पायरी नांगरायला मंजुरी मिळाली, महिन्याच्या मध्याला ट्रॅक्टर येतील.

ताईसाहेब खड्ड्यात होती. मी काठावर उभा राहून तिला सगळं सांगितलं. ती वर आली, हात झाडले आणि म्हणाली, "मला वाटत होतं तुम्ही माझं म्हणणं मुद्दाम हाणून पाडताय."

"पाडत होतोच," मी म्हटलं. "फक्त माझं बरोबर आहे असं समजून."

तिने बुटाच्या टोकाने काठावरची माती उकरली. मग म्हणाली, "नांगर फिरला तर एका मोसमात वरची माती वाऱ्याबरोबर जाईल आणि खालचा चुना उघडा पडेल. मेंढपाळ वसंतात जाणार कुठे?"

"म्हणूनच साहेबांना लिहायला बसतोय. तुम्हीही बसा, शब्द अडले तर मदतीला लागाल."

पत्र मौनीबुवा स्वतः घेऊन गेला आहे. साहेब काय म्हणतील देव जाणे. या वयात सही मागे घेणारा माणूस घरीही पाठवला जाऊ शकतो. त्याची आता फारशी भीती वाटत नाही. ट्रॅक्टरची वाटते. निकाल लागेपर्यंत ऑपरेशन नाही.

दादा

९ जून

शहाण्या माणसा,

मधले दोन टँकर! मी रोज टपालपेटी उघडायचे आणि बंद करायचे. परवा तिची बिजागरी हातात आली.

आता माझी पाळी. वहिनीला मी सगळं सांगितलं होतं, तुझं "कळू देऊ नकोस" वाचलं त्याच संध्याकाळी. तुला मात्र सांगितलं नाही असं लिहिलं, नाहीतर तू पत्रं लिहायचाच थांबला असतास. ती अजिबात रडली नाही. म्हणाली, "सकाळी चहाच्या कपाऐवजी साखरेच्या डब्यात चमचा ढवळतात, तेव्हाच मला वाटलं होतं की यांना दिसत नाही. म्हटलं, स्वतः कबूल करतील." तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून हेच लपवत होतात. ती या पत्राबरोबरच निघाली आहे. टँकरवाल्याशी तिने परस्पर ठरवलंय. तेव्हा तळ आवरून ठेव, आणि ऑपरेशन नाही वगैरे तिला तूच सांग. मला त्यात ओढू नकोस.

एक गोष्ट मात्र दोन रात्री माझ्या मनातून जात नाही. बाबांचा स्वेटर. बाबांचे डोळे कुणी तपासले होते, दादा? कुणीच नाही. पुढचं सगळं खरंच होतं, रस्ता चुकले, माझं नाव त्यांच्या डोक्यातून गेलं, त्यात आपली काही चूक नाही. पण तो स्वेटर त्यांना तपकिरीच दिसत असणार. ते आपल्याला जे दिसतंय तेच सांगत होते आणि आपण हसत होतो. तेही हसायचे आपल्याबरोबर, आठवतं? मला आधी फार वाईट वाटलं. मग वाटलं, निदान त्या दिवसापर्यंत ते पूर्ण आपलेच होते. आपण समजत होतो त्याहून एक वर्ष जास्त.

आता रडत नाही. यांनी आज पेटीवर पहिल्यांदा ओळखू येईल असं काहीतरी वाजवलं.

टिल्लू

तळ, २४ जून

प्रिय टिल्लू,

जीव भांड्यात पडला. आधी एवढंच.

वहिनी टँकरमधून उतरली ती थेट माझ्या तंबूत गेली. माझी चादर बाहेर काढून झटकली, तेव्हा निम्मी मधली पायरी तिच्यातून निघाली. माझ्याशी पहिलं वाक्य: "किती वाळलात!" दुसरं: "ऑपरेशन कधी?" मी निकाल, ट्रॅक्टर, साहेब असं सांगत होतो. ती म्हणाली, "निकाल लागेपर्यंत थांबते. पुढे एक दिवस नाही."

बाबांबद्दल तू लिहिलंस ते तिला वाचून दाखवलं. मी आणि ती खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसलो होतो. तुला एवढंच सांगतो की तुझं म्हणणं मला पटलं.

ट्रॅक्टर साहेबांच्या आधी आले. खालच्या रस्त्यावर चार उभे होते, आणि आमच्याकडे ते थांबवायचा कागद नव्हता. मौनीबुवा गेला आणि त्या चौघा चालकांशी बोलत बसला. काय बोलला कुणास ठाऊक, पण दुपार झाली, संध्याकाळ झाली, एकही ट्रॅक्टर हलला नाही. त्याची वर्षभराची शब्दांची शिल्लक त्या दिवशी खर्च झाली असणार.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आले. शहरातल्या चकचकीत बुटांनिशी खड्ड्यात उतरले. ताईसाहेबांनी भिंत साफ केली, ढेकूळ काढलं, भिजवलं, चौकट धरली. साहेबांनी पाहिलं, मी डाव्या डोळ्याने पाहिलं. फिकट. कोरडं धरलं, त्याहून फिकट. हातभर खाली गोट्यांच्या पोटाला चुन्याचा पांढरा लेप. त्यावर ॲसिड टाकलं तेव्हा सोड्यासारखं उसळलं.

साहेब वर आले आणि मला म्हणाले, "सही करण्याआधी सांगायला हवं होतं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, साहेब."

"माहीत नव्हतं, की शंका होती?"

मी म्हटलं, "शंका होती."

ते बूट झटकत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी शंकासुद्धा लिहून पाठवा. कागदाला जागा असते." एवढंच. नंतर त्यांनी वहिनीला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, गडद की फिकट?" वहिनी म्हणाली, "मला वाटतं सगळ्यांनी आधी जेवून घ्यावं."

नांगरणी रद्द झाली. ट्रॅक्टर दुपारी परत गेले, आणि संध्याकाळी मेंढ्या पायरीवर चढल्या, जणू काही झालंच नव्हतं. माझे बाकीचे कागद ताईसाहेबांनी आणि मी पुन्हा तपासले. वरची आणि खालची पायरी टिकली; तिथे निकाल पोताने आणि मिठाने लागतो, आणि बोटांना मोतीबिंदू होत नाही. मधल्या पायरीच्या नव्या कागदावर आधी तिची सही आहे, खाली माझी.

सोमवारी उजवा डोळा.

दादा

तळ, १९ जुलै

प्रिय टिल्लू,

अक्षर मोठं आहे, कारण चष्म्याचा नंबर अजून ठरायचा आहे. वहिनी शेजारी बसून ओळी सरळ येतायत का बघते आहे. येत नाहीयेत.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंचा कोट निळा होता. मी तो दोनदा हिरवा म्हणून पाहिला होता. खिडकीबाहेर आकाश होतं, आणि ते इतकं निळं असतं हे मी विसरलो होतो. हे विसरणं चालतं. वहिनीकडे बघितलं तर ती म्हणाली, "माझ्या सुरकुत्या मोजू नका." मी मोजत नव्हतो. खरं म्हणजे मोजत होतो, पण प्रेमाने.

डाव्याचं दोन महिन्यांनी करायचं आहे. तोवर तळावर हलकं काम करायची परवानगी मिळाली. खड्ड्यात उतरायचं नाही, काठावर बसायचं. काल सकाळी बसलो होतो. ऊन तिरपं होतं. समोरच्या डोंगराकडे बघत होतो, आणि सगळ्यात वरच्या पायरीच्याही बऱ्याच वर, कड्याच्या खाली, मला एक रेघ दिसली. अगदी बारीक. आडवी, सरळ, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर एकाच उंचीवर गेलेली. निसर्ग एवढी सरळ रेघ एकाच गोष्टीने मारतो, टिल्लू, स्थिर पाण्याने.

चौथी पायरी! म्हणजे तळं आम्ही समजत होतो त्याहून कितीतरी मोठं होतं. आमचा अर्धा नकाशा बदलणार. मी ओरडलो. ताईसाहेब खड्ड्यातून धावत वर आली.

"ती रेघ," मी म्हटलं, "तिथे, कड्याखाली. दिसते का?"

तिने कपाळावर हात धरून पाहिलं. "दिसते ना. पहिल्या दिवसापासून दिसते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही ती मेंढ्यांची वाट म्हणून सोडून दिलीत."

मग तीच आधी हसायला लागली, आणि मौनीबुवाने जीप सुरू केली.

तुझा,
दादा